धम्मदीक्षा आणि नोकरीचा अर्ज

(शिरढोण, तालुका पनवेल येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत एका वकिलाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आपणापुढे जो विषय मांडणार आहे तो धर्मचर्चेचा नाही. तथापि आपल्या घरात धम्म निर्भयपणे नांदेल की दबकत राहील, हे पुष्कळ अंशी त्यावर अवलंबून आहे. विषय नोकरीचा आहे. दीक्षा घेतलेल्या कुटुंबांतून माझ्याकडे जी माणसे सल्ल्यासाठी येतात, त्यांतील बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "वकीलसाहेब, आम्ही बौद्ध झालो, आता मुलाच्या राखीव जागेचे काय?" काही जण तर दीक्षा घेऊनही ती कागदावर येऊ देत नाहीत. विहारात बौद्ध आणि अर्जात हिंदू, असा दुहेरी संसार ते करतात. आणि हे सारे कशासाठी? जे भय १९९० साली कायद्याने संपविले, त्या भयासाठी.

म्हणून उत्तर प्रथमच सांगून टाकतो. तुमची मूळ जात अनुसूचित जातींच्या यादीत असेल, तर बौद्ध झाल्याने तुमचा राखीव जागेवरचा हक्क जात नाही. राज्याच्या नोकरीत जात नाही आणि केंद्राच्या नोकरीतही जात नाही. मात्र हे साधे उत्तर मिळण्यास किती काळ लागला आणि त्याची किंमत कोणी दिली, हे तुम्ही जाणून घेतले पाहिजे.

आपण ज्या गावात जमलो आहोत ते वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मग्राम आहे. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी त्यांचा येथे जन्म झाला. बंडाची निशाणी उभारण्यापूर्वी ते पुण्यास लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून होते. आई अखेरच्या दुखण्यात असता त्यांना रजा नाकारली गेली, ही हकीकत तुमच्या मुलांना ठाऊक आहे. नोकरीत असलेल्या माणसावर झालेला तो अन्याय होता. आपल्या पूर्वजांचा अन्याय त्याच्याही अलीकडचा होता. त्यांना रजा नाकारण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण कचेरीच्या उंबरठ्याच्या आत त्यांना घेतलेच जात नव्हते.

लष्कर हे एक दार काही काळ उघडे होते. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. परमपूज्य बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार त्याच फौजेतले. १८९० नंतरच्या काही वर्षांत सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. तेव्हा याच कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, महाडजवळचे निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली भरती पुन्हा सुरू करावी म्हणून विनंतीअर्ज तयार केला. आपल्या समाजाचा नोकरीसाठीचा हा आरंभीचा सामुदायिक अर्ज. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज सरताच १९२१ साली ती मोडण्यात आली. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. वलंगकरांचा अर्ज आणि ही रेजिमेंट यांत सत्तेचाळीस वर्षांचे अंतर आहे.

गिरण्यांचेही तसेच. कोकणातली आपली माणसे पोटासाठी मुंबईस गेली. गिरणीत त्यांना काम मिळे, पण विणकाम खात्यात मिळत नसे, आणि त्या काळी विणकराची कमाई अधिक होती. कारण काय दिले जाई? धोट्यातील कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धागा इतरांना विटाळ. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. यंत्र विलायतेहून आले, पण त्याच्याभोवती उभी असलेली माणसे गावाहूनच आली होती, आणि गाव त्यांनी आपल्याबरोबर आणला होता.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, ऑगस्ट १९४३ मध्ये, केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८⅓ टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम प्रथम निघाला. पुढे हे प्रमाण १२½ टक्के झाले आणि १९७० साली १५ टक्के. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६(४) ने या तत्त्वाला मूलभूत हक्कांच्या प्रकरणात स्थान दिले.

परंतु येथेच एक खाच होती. अनुसूचित जाती कोणत्या, हे ठरविणारा राष्ट्रपतींचा आदेश १९५० साली निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात अशी अट होती की, हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. आरंभी पंजाबातील शीख धर्माच्या चार जातींपुरता अपवाद होता. १९५६ साली संसदेने शीख धर्माचा त्यात सरसकट समावेश केला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूर येथे लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि कायद्याच्या दृष्टीने ते एका दिवसात अनुसूचित जातींच्या बाहेर गेले. त्यांची गरिबी कायम होती, गावकुसाबाहेरचे घर कायम होते, शेजाऱ्याची नजर कायम होती. बदलला तो फक्त सरकारी रकाना.

ही केवळ कागदी अडचण नव्हती. १९६२ च्या निवडणुकीत नागपूरच्या राखीव मतदारसंघातून डॉ. मेश्राम विधानसभेवर निवडून आले. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे, या कारणावरून त्यांच्या निवडीस आव्हान देण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. धर्म मानणे म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे, असा अर्थ लावून न्यायालयाने निर्णय दिला की, ते हिंदू राहिले नसल्याने राखीव जागेस पात्र नव्हते. वकील म्हणून मी हा निकाल पुन्हा पुन्हा वाचला आहे. ज्याने आपला धर्म उघडपणे सांगितला त्याची जागा गेली. लपविला असता तर कदाचित राहिली असती. कायदा प्रामाणिकपणाला दंड करू लागला की समाजाची कशी कसोटी लागते, याचे हे उदाहरण होय.

त्या कसोटीस आपला समाज कसा उतरला? १९५१ च्या शिरगणतीत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्धांची संख्या अवघी २,४८७ होती. १९६१ च्या शिरगणतीत ती २७,८९,५०१ झाली. म्हणजे सवलती जातील हे ठाऊक असूनही सुमारे अठ्ठावीस लाख माणसांनी शिरगणतीच्या कारकुनापुढे "बौद्ध" असे नाव लावले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर राज्याने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना दिल्या. केंद्राचे दार मात्र बंदच राहिले. टपाल, रेल्वे, बँका, केंद्राचे कारखाने, या सर्व ठिकाणी दीक्षा घेतलेल्या घरातील मुलाला राखीव जागा नव्हती. ३ जून १९९० पासून त्या तिसऱ्या परिच्छेदात बौद्ध धर्माचा समावेश झाला. दीक्षेपासून हिशेब केला तर तेहतीस वर्षे आणि साडेसात महिने. एका माणसाचे शिक्षण संपल्यापासून निवृत्तीपर्यंतचे जवळजवळ सारे आयुष्य एवढ्या काळात मावते.

मित्रहो, दार उघडले तेव्हा आत काय होते? १९९१ च्या जुलैत देशाचे औद्योगिक धोरण बदलले. सरकारी क्षेत्र आखडू लागले. सार्वजनिक क्षेत्रातील नोकऱ्या १९९७ साली सुमारे १ कोटी ९५ लाख होत्या. २०१२ साली त्या सुमारे १ कोटी ७६ लाख उरल्या. त्याच काळात देशाची लोकसंख्या मात्र वाढतच गेली. आपल्या शेजारचेच पाहा. पाताळगंगेच्या काठी रसायनी येथे हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स हा केंद्राचा कारखाना उभा राहिला. कंपनीची स्थापना १९६० ची. १९९० पर्यंत बौद्ध मुलाला तेथे अनुसूचित जातीचा म्हणून जागा मागता येत नव्हती. १९९० नंतर मागता आली. आणि २०१७ साली रसायनीचा हा कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. आता ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आहे. तेथे कामे निघतील यात शंका नाही. पण तो खाजगी भागीदारीतून उभा राहिलेला विमानतळ आहे आणि खाजगी मालकावर राखीव जागांचे बंधन नाही. उरण-पनवेलच्या वाटेवरील कंटेनरच्या गोदामांत तुमची मुले आज कामाला जातात, ती बहुतांशी ठेकेदारामार्फत. ठेकेदाराकडे बिंदुनामावली नसते.

ज्या थोड्या सरकारी जागा निघतात त्यांवर किती गर्दी होते, तेही ऐका. २०२३ साली राज्यात तलाठ्यांच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. दर जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार झाले. अर्जाची फी खुल्या वर्गास १,००० रुपये आणि राखीव वर्गास ९०० रुपये होती. बापाच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीवर मुलगा एक अर्ज करतो, आणि असे अर्ज तो वर्षातून अनेक करतो. अशा मुलाला "तू प्रयत्न करीत नाहीस" असे म्हणणे अन्यायाचे आहे. परंतु प्रयत्न करूनही जो हक्क कागदाच्या चुकीने हातचा जातो, तो आपणास निश्चित वाचविता येतो. म्हणून आता कायद्याच्या काही गोष्टी सांगतो. त्या घरी जाऊन लिहून ठेवा.

पहिली गोष्ट रकान्याची. धर्माच्या रकान्यात "बौद्ध" लिहा आणि जातीच्या रकान्यात आपल्या मूळ अनुसूचित जातीचे नाव लिहा. शाळेत मुलाचे नाव घालतानाच हे करा. केंद्राच्या नोकरीसाठी जो जातीचा दाखला लागतो त्यात मूळ जातीचे नाव असलेच पाहिजे, कारण केंद्राच्या यादीत जातींची नावे आहेत. "नवबौद्ध" हे त्या यादीतील जातीचे नाव नाही. एका मुलीचे प्रकरण माझ्याकडे आले होते. परीक्षेत ती उत्तीर्ण झाली, पण दाखल्यात केवळ "नवबौद्ध" असा शब्द होता. कार्यालयाने दाखला परत केला. दुसरा दाखला हाती येईपर्यंत मुदत संपली होती. तिच्या अभ्यासात उणे काही नव्हते; एका शब्दाने तिचे वर्ष गेले.

यावर काही निष्ठावंत बांधव मला विचारतात: "आम्ही जात टाकली, मग ती पुन्हा का लिहावी?" हा प्रश्न मानाचा आहे आणि त्याचे उत्तरही मानाने दिले पाहिजे. तुम्ही जात टाकलीत. समाजाने टाकली काय? डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठविले. पात्रता सारखी, भेद केवळ नावांचा. दलित नावाच्या अर्जास पुढचे बोलावणे येण्याचा संभव उच्चवर्णीय नावाच्या सुमारे दोन-तृतीयांशच निघाला. मुलाखत नाही, ओळख नाही, चेहरा पाहिलेला नाही. केवळ आडनाव वाचून हा निवाडा झाला. जातीचा रकाना हा झालेल्या अन्यायाची नोंद आहे. दुखापत झालेला माणूस फिर्यादीत जखमेचे वर्णन लिहितो, म्हणून ती जखम त्याला प्रिय असते असे नाही.

दुसरी गोष्ट जुन्या कागदांची. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्याची पडताळणी होते. त्याचा कायदा २००१ सालापासून अंमलात आहे, आणि आपण त्या जातीचे आहोत हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख महत्त्वाची धरतात. म्हणजे आजोबा-पणजोबांचा त्यापूर्वीचा शाळेचा उतारा, गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, कोतवाल बुकाची नक्कल, महारवतनाचे कागद, यांना मोल आहे. वतन ही गुलामी होती. ती मोडावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बिल आणले, आणि वतन नष्ट करणारा कायदा अखेर १९५८ साली झाला. त्या गुलामीचा कागद आज नातवाच्या नोकरीचा पुरावा ठरतो. म्हणून घर बांधताना, पत्रे बदलताना जुनी पेटी फेकू नका. वडील, चुलते किंवा सख्खी भावंडे यांपैकी कोणास वैधता प्रमाणपत्र मिळाले असेल तर त्याची प्रत जोडा. रीतसर चौकशीनंतर दिलेल्या अशा प्रमाणपत्राचा लाभ सामान्यतः रक्ताच्या नातलगास मिळाला पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले आहे. आणि नोकरीची जाहिरात निघण्याची वाट पाहू नका. मुलगा अकरावी-बारावीत असतानाच पडताळणीचा अर्ज करा.

येथे एक इशारा देतो. जे अनुसूचित जातीचे नाहीत, ते बौद्ध झाल्याने अनुसूचित जातीचे होत नाहीत. अनुसूचित जमातींना आणि इतर मागासवर्गांना १९५० च्या आदेशातील धर्माची ती अट लागू नाही. त्यांनी आपापल्या यादीतील हक्क सांगावा. खोट्या दाखल्याच्या वाटेस कोणीही जाऊ नये. खोट्या दाखल्यावर मिळविलेली नोकरी अनेक वर्षांनंतरही जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे.

तिसरी गोष्ट जागा मोजण्याची. राज्याच्या सेवेत अनुसूचित जातींसाठी १३ टक्के जागा आहेत. कोणती जागा कोणत्या वर्गाची, हे प्रत्येक कार्यालयाच्या बिंदुनामावलीत लिहिलेले असते. ती पाहण्याचा तुम्हाला अधिकार आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. किती पदे मंजूर, किती भरली, अनुसूचित जातींचा अनुशेष किती, एवढेच विचारा. न भरलेली राखीव जागा पुढील वर्षी स्वतंत्रपणे भरता यावी म्हणून २००० साली घटनेत अनुच्छेद १६(४ब) घातला आहे. शिवाय खुली जागा ही कोणा एका वर्गाची मिरास नव्हे. गुणवत्तेने तेथे पोहोचलेल्या राखीव वर्गातील उमेदवारास ती नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये पुन्हा बजावले आहे. तेव्हा मुलांना राखीव गुणांच्या रेषेपर्यंतच अभ्यास करावयास सांगू नका.

कंत्राटी कामाविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. केंद्राच्या खात्यांतील ४५ दिवस वा त्याहून अधिक मुदतीच्या तात्पुरत्या नेमणुकांसही राखीव जागांचा नियम लागू आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. कंत्राटावर काही वर्षे काम केले म्हणजे कायम होण्याचा हक्क मिळतो, असा समज मात्र बाळगू नका. एप्रिल २००६ च्या निकालाने तो दूर केला आहे. परंतु मंजूर पदाचेच काम वर्षानुवर्षे करून घेतले असेल तर न्यायालये दाद देतात. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीर्घकाळ राबलेल्या सफाई कामगार स्त्रियांना कायम करण्याचा आदेश दिला. अशी दाद मागावयाची तर पुरावा लागतो. म्हणून पहिल्या दिवसापासून नेमणूकपत्र मागा, हजेरीची व पगाराची नोंद जपा, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक लिहून घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी कामगारास नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. आणि जो दलाल पैसे घेऊन नोकरी लावतो म्हणतो, त्याच्या हाती दमडीही ठेवू नका. २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. आईचे मंगळसूत्र गहाण टाकून घेतलेली नोकरी बहुधा कधी येत नाही, आणि मंगळसूत्रही परत येत नाही.

आता खाजगी नोकरीविषयी. तेथे जागा जाहिरातीने थोड्या भरतात, ओळखीने फार. ज्यांचे मामा-काका कचेरीत आहेत त्यांना जागा रिकामी होण्यापूर्वीच बातमी कळते. आपले मामा-काका तेहतीस वर्षे बाहेर उभे होते, त्यांच्याकडून बातमी कशी यावी? भगवान बुद्धांनी कोलियांच्या दीघजाणू नावाच्या गृहस्थास ऐहिक सुखाची जी साधने सांगितली, त्यांत उद्योगशीलता आणि मिळविलेल्याचे रक्षण यांच्या जोडीला कल्याणमित्रता आणि बेताचा संसार यांची गणना केली आहे. कल्याणमित्रतेचा आजचा अर्थ मी असा लावतो: विहारात एक फळा असावा, त्यावर दर पंधरवड्याला जाहिराती आणि त्यांच्या शेवटच्या तारखा लिहिल्या जाव्यात. जो नोकरीस लागला त्याने आठवड्यातून दोन तास गावातील मुलांचे अर्ज तपासावेत. ज्याला गोदामात, बंदरात, विमानतळावर जागा निघाल्याचे कळेल त्याने ती बातमी स्वतःच्या भावापुरती ठेवू नये. यास पैसा लागत नाही. आणि मुलींना यातून वगळू नका. लग्न ठरले म्हणून मुलीचा अर्ज थांबविणारा बाप मला दीक्षेचा अर्थ समजलेला वाटत नाही.

तरुण मित्रहो, तुम्हाला शेवटी एवढेच सांगतो. नोकरी मिळाली नाही म्हणजे तुमची लायकी नाही, हा निष्कर्ष काढू नका. दोनशेजणांत एक जागा असेल तर एकशे नव्याण्णव मुले नालायक ठरत नाहीत. जागा कमी आहेत, एवढेच त्यातून सिद्ध होते. परंतु त्या दोनशेंत तुमचा अर्ज कागदाअभावी बाद होऊ नये, आणि भीतीपोटी तुम्ही आपला धर्म लपवू नये, एवढे आपल्या हाती आहे. १९६१ साली ज्यांनी "बौद्ध" असे लिहिले त्यांना त्या शब्दाच्या बदल्यात काही मिळणार नव्हते; उलट जाणारच होते. तुमचे तसे नाही. तुमचा हक्क आणि तुमचा धम्म आज एकाच अर्जावर शेजारी-शेजारी लिहिता येतात. ते दोन्ही रकाने स्वच्छ अक्षरात भरा, आणि उद्याच घरातली जुनी पेटी उघडून कागद तपासावयास बसा.

जय भीम.